हात लावला की हलवायची

...आता तुम्हीच सांगा, घोड्याच्या मानेवर प्लास्टिकची रेघ वर आलीय, अंगठा फिरवला तर जाईल, मग माणसानं अंगठा फिरवायचा नाय? तुम्हाला सांगतो, बुद्धिबळासारखा खडूस खेळ दुसरा नाय! मी जोह्याचा पुंडलिक, जन्म गेला गणपती करण्यात. मूर्ती साच्यातनं निघाली की आधी अंगठा फिरतो, मग नजर, डोकं शेवटी, फिरलंच तर. आणि आमचे व्याही, कंपनीतनं रिटायर झालेले कमळाकरराव, पहिला नियम काय सांगतात? नाकात बोलतात ते... "व्याही, हात लावला की हलवायची!"

दिवाळीला आमची अनिता माहेरी आली, म्हणजे ह्यांची सून. भाऊबीज झाली आणि हे तिला न्यायला हजर, पिशवीत पट घेऊन. आता गणपतीच्या हंगामात ती आली होती तेव्हा मला बोलायला फुरसत कुठली? दारात उभी राहिली की मी म्हणायचो, "जरा सरक गो, उजेड अडतोय." आता कारखाना रिकामा, मी रिकामा, आणि पोरगी निघाली! म्हटलं, व्याही, ठेवा की अजून आठ दिवस. तर पट उघडत म्हणतात, "एक डाव जिंका, ठेवतो." आतनं अनिता म्हणाली, "मला कुणी इचारलं काय?" खरंच कुणी नव्हतं इचारलं.

ह्या वयात शिकायचं म्हणजे काय सांगू! उंट तिरका चालतो. का? पायात काटा गेलाय? घोडा अडीच घरं. राजासाठी सगळी फौज मरते आणि तो एकेक घर सरकतो, आमच्या सरपंचासारखा. सगळी कामं वजिरानं करायची. आमच्या घरी पण तसंच हाय, फक्त वजिराला शांती म्हणतात.

पण खोटं कशाला बोलू, खेळ आवडला मला. फार आवडला. व्याह्यांच्या डोक्यात काय शिजतंय ते त्यांच्या मिशीवर दिसतं हे मी पहिल्याच डावात ओळखलं. उपयोग काय? प्यादं वाकडं दिसलं, सरळ केलं... "हात लावला की हलवायची!" हत्तीवर धूळ दिसली, फुंकर मारली आणि अंगठा फिरवला... "हलवायची!" डावामागून डाव गेले, सगळे ह्या अंगठ्यानं घालवले.

शेवटी शांतीनं पंचा घेतला आणि माझे हात मागं बांधले. लेकीसाठी! मी सांगणार, ती सोंगटी हलवणार. "शांते, तो घोडा घे." "ह्यो? मेला सरळ का नाय जात?" पण तुम्हाला सांगतो, डाव असा रंगला! व्याह्यांची मिशी खाली खाली. अजून एक चाल आणि मात. व्याह्यांची चाल झाली, आता माझी, आणि तेवढ्यात ते काय म्हणाले? "विहीणबाई, माणसाला चहा तरी पिऊ द्या." शांती भोळी, पंचा सोडला. मी चहाचा घोट घेतला, पटाकडं बघितलं, आणि वजिराच्या मुकुटावर, अहो, मुकुटावर! प्लास्टिकचं एवढंसं कुसळ...

तुम्ही काय केलं असतं?

"हात लावला की हलवायची!" वजीर हलला, माझा राजा उघडा पडला, आणि मात झाली ती मलाच. अनितानं बॅग भरली. पोरगी बॅग भरताना घराचा आवाजच जातो हो, मला नाय बघवत. निघताना वाकली, माझ्या पायाला हात लावला आणि वाकलेलीच राहिली. म्हणाली, "बाबा, हात लावला की हलवायचं ना? मग हलवा पाय. चला रोह्याला."

मी म्हटलं, "अगो, लेकीच्या सासरी बाप राहतो काय? आमच्यात पाणी पण पीत नाय!" तर व्याही नाकातनं, "नियम म्हणजे नियम." शांतीनं माझी पिशवी आधीच भरलेली! मला तरी कुणी इचारलं काय?

म्हणून हा असा तुमच्या रोह्यात बसलोय, ह्यांच्या ओटीवर. पाणी कसलं, पुरणपोळी झाली. अनिता शेजारी बसून मला चाली सांगते, तिनं सांगितलेल्या खेळून पण हरतो. पण आज बघा, आज डाव माझा हाय, हा उंट एकदा इथनं...

काय? नाय हो व्याही, बोलता बोलता धूळ पुसली त्याची... बरं. बरं! हलवतो.