नाम्याची टाच

कुस्त्यांच्या दंगलीले चाल म्हणता, पण मी काऊन येत नाही ते ऐका. वऱ्हाड मध्यप्रांतात होतं, तवाची गोष्ट. आमच्या सोनाळ्याचा किसन पैलवान म्हणे, "डोये खोटं बोलतात बे, टाच पाह्य. माणूस झेप घेणार असला की मांगची टाच आंधी उठते." टाच हालली की हा डाव टाकून मोकळा. इचार करायले थांबेच ना.

एका दंगलीत किसनसमोरच्या रोहिणखेडच्या नाम्याची टाच उठली. झेप येते समजून किसन आत शिरला आन् त्याले खांद्यावरून फेकलं. नाम्या तं नुसता पाय सावरत होता. मानेवर पडला, जागीच गेला.

नाम्याचा बाप आखाड्यात आला. पोराचा पाय मांडीवर घेऊन म्हणे, "सकाळी बाभळीचा काटा मोडला टाचेत. पाय टेकवत नव्हता. पण कुस्तीची जोड ठरली होती, नाही म्हणेना."

किसन हात जोडून रडत होता. म्हातारा उठला, त्याले पोटाशी धरायले पुढं झाला, तशी म्हाताऱ्याची टाच उठली. किसनचा हात थेट त्याच्या मानेवर गेला.

दुसऱ्या हातानं किसननं आपला तो हात ओढून घेतला. म्हणे, "बाबा, माह्याजवळ येऊ नका."