सोहमच्या वाढदिवसाचे लाडू हिसकावल्याबाबत

नाव: केसरबाई नारायणराव इंगळे, वय ५८ वर्षे, धंदा: शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक, रा. अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा. दि. ३१/०७/२०२५.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून जबाब देते की, गावातील प्राथमिक शाळेत मी अकरा वर्षांपासून स्वयंपाक करते. अर्जुनराव यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी भरवर्गात त्यांच्या नातवाच्या, सोहमच्या, वाढदिवसाचे लाडू हिसकावले व त्यांचा अपमान केला. लाडू हिसकावले हे खरे आहे. अपमानाचे मला त्या वेळी ध्यान नव्हते.

सोहमच्या वर्गात, तिसरीत, गार्गी नावाची मुलगी आहे. तिला शेंगदाणा चालत नाही. गेल्या वर्षी कुणाच्या तरी वाढदिवसाची चिक्की खाऊन तिचे तोंड सुजले, श्वास अडकला व तिला बुलढाण्याला दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हापासून मी खिचडीत कूट टाकणे बंद केले. वर्गात खाऊ वाटायचा असला की वर्गशिक्षिका वासंतीबाई तिला माझ्याकडे स्वयंपाकखोलीत पाठवतात. वाटप होईपर्यंत ती तांदूळ निवडते. अशी ती एकोणीस वेळा आली. खडे चांगले वेचते. मला ते पाहवत नाही.

काल दुपारी सव्वाबारा वाजता अर्जुनराव गूळ-पोह्याच्या लाडवांचा डबा घेऊन वर्गात आले. काकड्या बाजाराला न्यायची त्यांची गाडी फाटकाशी उभी होती. "याच्यात फल्लीदाणे नाहीत, गार्गीले बी चालते," असे त्यांनी सर्वांसमोर सांगितले. त्यामुळे गार्गी प्रथमच रांगेत बसली. तिला पाहायला मी हातचे काम टाकून दारात उभी राहिले.

लाडू तिच्या हातात पडला तेव्हा मी सहज विचारले, "भाऊ, घरच्यायनं काय काय टाकलं?"

ते म्हणाले, "पोहे, गूळ, तूप, अन् जरासा कूट."

"कूट कायचा?"

"फल्लीचा. पण दाणा एक बी नाही त्याच्यात. मिक्सरमधून पार बारीक केला."

लाडू तिच्या ओठांपासून चार बोटांवर होता. मी धावत जाऊन हाताला फटका मारला. लाडू उडून अर्जुनरावांच्या टोपीवर फुटला. नेम धरला नव्हता. "डोकं हाये का गाडगं?" असे मी त्यांना म्हणाले, ते मागे घेत नाही. गार्गीचे हात साबणाने तीनदा धुतले, बाकीच्या पोरांकडून लाडू गोळा केले व डबा बंद केला. अर्जुनराव रागाने गाडी तिथेच सोडून पायी ठाण्यात आले.

सोहम रडू लागला. मग एकाएकी उठून बाहेर पळाला व गाडीतून काकड्यांचे क्रेट ओढत घेऊन आला. म्हणाला, "मावशी, हे आमच्या वावरातलं हाये. याच्यात कोणीच काही टाकलं नाही." मी विळी धुऊन चिरायला बसले. मीठ लावले. बत्तीस पोरे एकदम कुरुमकुरुम चावू लागली, तेव्हा शेजारच्या वर्गाचे शिक्षक काय झाले ते पाहायला आले. गार्गीने चार फोडी खाल्ल्या व पाचवी मागितली. मला फार आनंद झाला. डोळ्यांना पदर लावला. काकडी डोळ्याला झोंबत नाही हे मला ठाऊक आहे.

अर्जुनराव जमादार साहेबांना घेऊन परत आले, तोवर क्रेट रिकामे झाले होते. त्याच वेळी गार्गी उठून म्हणाली, "बाई, येत्या शनिवारी माझा वाढदिवस हाये." हे शाळेत कोणालाच माहीत नव्हते.

मी विचारले, "मंग आतालोक काऊन नाही सांगितलं, माय?"

ती म्हणाली, "मले वाटलं, माझा खाऊ वाटतानी बी मले तुमच्यापाशी बसा लागते."

अर्जुनरावांनी टोपी काढली. मग जमादार साहेबांना म्हणाले, "साहेब, ते तक्रार फाडून टाका." साहेब म्हणाले, नोंद झाली, आता जबाब घ्यावाच लागेल. अर्जुनराव गार्गीपुढे उकिडवे बसले व त्यांनी विचारले, "शनिवारी किती क्रेट आणू, पोरी?"

"दोन," ती म्हणाली. "पण वाटीन मी."

माझे सांगणे जमादार साहेबांनी लिहून घेऊन मला मोठ्याने वाचून दाखवले. टोपीच्या ठिकाणी ते दोनदा हसायला थांबले. मी सांगितले तसेच लिहिले आहे व ते बरोबर आहे. शनिवारी मला ठाण्यात बोलावू नये. विळीवर मी आहे.