“सोडली” कोण म्हणालं?

जमलेल्या सगळ्यांना जय भीम, नमस्कार. वहिनी, तुमच्याकडं बघून बोलायला लागले तर तोंडातनं शब्द फुटायचा न्हाई, म्हणून दादाच्या फोटोकडं बघून बोलते. राग मानू नका.

मी रंजना, घोटावड्याची. पिरंगुटच्या कारखान्यात मिलिंददादाच्या शेजारच्या खोलीत काम करते. भट्टीची उष्णता मोजणाऱ्या यंत्रांना फायबरची केबल जोडायची, हे दादाचं काम. आत केसाएवढी काच असती. दादा तिला लई जपायचा. केबल कुठं दुमडू द्यायचा न्हाई. केबलच्या तोंडाला टोपी घातल्याबिगर ठेवायचा न्हाई. कापल्यावर तुकडे चिकटपट्टीनं टिपून घ्यायचा. मी एकदा हातानं झाडायला गेले, तर केवढ्यांदा वरडला! म्हणला, “रंजे, टोचली की दिसत न्हाई गं, नुसती दुखत राहती.”

आता तसंच झालंय माझं. टोचलंय, आन दिसत न्हाई.

सायेब म्हणतात, दादा केबल वर न्यायला घाईत एकटाच शिडीवर चढला, पडला आन गेला. त्याचीच चूक. वहिनींना बी हेच सांगितलं. मंडळी, ज्यानं काचेचा कण जमिनीवर राहू दिला न्हाई, तो शिडी कुणी धरल्याबिगर चढंल? तुमाला पटतंय? मला न्हाई पटत.

ही केबल हिसका देऊन ओढायची नसती. आतली काच तुटती, वरनं कळत बी न्हाई. म्हणून दादाची रीत ठरलेली. वरनं तो म्हणणार, “सोड.” खालचा माणूस एका हातानं शिडी धरणार, दुसऱ्या हातानं केबल वर सरकवणार आन म्हणणार, “सोडली.” उत्तर आल्याबिगर दादा ओढायचा न्हाई.

त्या दिवशी मी भिंतीपलीकडं व्हते. “सोड,” दादाचा आवाज. “सोडली,” खालनं उत्तर. परत “सोड.” परत “सोडली.” मग धाडकन काहीतरी पडलं. मी पळत गेले. दादा खाली पडलेला, आन शिडीपाशी कुणीच न्हाई.

मला सांगा, एकटा माणूस “सोड” कुणाला म्हणंल? आन “सोडली” कोण म्हणालं?

यंत्रांच्या घरघरीत आवाज वळखू आला न्हाई. सायेब म्हणाले, ताई, तुमाला भास झाला. व्हय का? मग तवापास्नं खात्यातला जो तो माझी नजर का चुकवतोय? आत्ता बी, तिकडं दाराशी उभे हायेत ते खाली का बघतायत? मला आता समद्यांचाच संशय येतो. चहा आणून देणाऱ्याचा बी. वाईट वाटतं, पण येतो.

दादाची लेक काल मला इचारती, “आत्या, पप्पांचंच चुकलं का गं?” काय सांगू तिला?

खाली जो व्हता, त्याचा हात निसटला असंल. भ्याला असंल, पळाला असंल. माणूसच हाय. फासावर द्या म्हणत न्हाई मी. नुसतं त्या पोरीला सांगा, “खाली मी व्हतो.”

चला, उभं राहूया. दोन मिनिटं गप्प राहूया. त्यापुढं मात्र गप्प राहू नका. दादा, उत्तर आल्याबिगर तू कधी पुढं गेला न्हाईस. आमी बी जाणार न्हाई.

जय भीम, दादा.