हेल्मेटवाली वहिनी

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारी दोघी बसल्या होत्या.

"काकू, आमच्या वहिनीनं ती शर्यत पुरी केली. आधी तळ्यात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. सगळं एका दिवसात!"

"अगं, सराव कधी केला तिनं?"

"कुठला सराव! दोन रविवार पोहायला गेली, झालं. दादा म्हणाला, अर्ध्यातून परत येशील."

"मग?"

"सायकलवरून उतरली ती हेल्मेट काढायलाच विसरली, तशीच पळत सुटली. लोक हसत होते, हिला पत्ताच नाही. सगळ्यात शेवटी आली, पण थांबली नाही बाई!"

"धन्य आहे! म्हणजे आत तिलाच तपासताहेत?"

"छे, ती गेली कामावर. शेवटच्या वळणापासून दादा ओरडत तिच्याबरोबर पळाला. पाय मुरगळलाय तो त्याचा."