हौदातली सायकल

एप्रिलातली दुपार. हाडांच्या दवाखान्यात माझ्यापुढे दोघी बसल्या होत्या: हाताला प्लास्टर घातलेली, कॉलेजात शिकणारी करुणा आणि तिला समजवायला सोयगावहून आलेली तिची आत्या.

"तुझा बाप म्हणतो, ती सायकल आजच भंगारात घाला."

"आत्या, ती बीएमएक्स हाय."

"ना घंटी, ना कॅरिअर. भंगारवाला तरी घेईल का?"

"ती उड्या मारायला असती. ऑलिंपिकमदी हाय हा खेळ."

"ही थेरं काढली कुणी?"

"अमेरिकेतल्या पोरांनी. आधी मातीत शर्यती लावायचे. मग तिकडं दुष्काळ पडला, पोहायचे हौद कोरडे झाले. पोरांनी सायकली हौदात घातल्या. एका काठानं खाली, दुसऱ्या काठावरनं थेट हवेत."

"दुष्काळात?"

"व्हय."

"त्यांनी एका दुष्काळात खेळ काढला. आपल्याकडं एवढे पडले, आपण काय काढलं? टँकर!"

"आत्या, हळू. लोक बघायलेत."

"बघू दे. हौदाचा उतार आमच्या शेततळ्यासारखा असतो का?"

"तसाच. पण तुमच्या तळ्यात पाणी असतं."

"फेब्रुवारीपासून बेडूक बी नाय त्यात. खाली नुसता घट्ट मुरूम."

"आणि बाबा?"

"धाकटा भाऊ हाय माझा. त्याचं मी बघते."

आतून डॉक्टरांनी करुणाचं नाव पुकारलं. आत्याच आधी उठली.

"डाक्टर, प्लास्टर कवा निघंल?"

"सहा आठवडे. एवढी घाई कशाला?"

"घाई नको तर काय? जूनमदी तळं भरतंय आमचं!"