पलटणीचा धर्म

हसू नकोस, इकडे इंग्लंडात मिल्टन कीन्सला असताना मी खरंच इथल्या फौजेत होतो. म्हणजे टीएमध्ये, वीकेंडची फौज. इथली सक्तीची लष्करसेवा बंद होऊन जमाना झाला, मी मात्र हौसेनं गेलो. हौस कसली म्हणशील, तर सॉसेजची! नागपूरहून आई आलेली, त्यामुळे फ्रीजमध्ये साधं अंडं ठेवायची सोय नव्हती. म्हटलं, कॅम्पवर तरी मनासारखं खाऊ.

दिवसभर चिखलात लोळवल्यावर सार्जंट रॅशन पॅक, म्हणजे तयार जेवणाची पाकिटं, वाटायला आला. सगळ्यांना सॉसेज आणि बीन्स. माझ्यापुढे थांबून म्हणाला, "जोशी, तुझ्यासाठी मुद्दाम हिंदू पॅक मागवलाय!"

उघडला तर डाळ-भात. पण इतक्या कौतुकानं दिलेलं, नको कसं म्हणणार?

शेजारच्या डेव्हला वास आला. त्यानं एक घास मागितला, मग त्याच्या शेजाऱ्यानं मागितला, आणि बघता बघता पाकीट रिकामं झालं. मी बिस्किटं चावत ठरवलं, पुढच्या वेळी लाज सोडून सॉसेजच घ्यायचं.

पुढच्या कॅम्पला सार्जंटनंच विचारलं, "हिंदू पॅक कुणाकुणाला हवाय?"

डेव्हसकट अख्ख्या पलटणीचे हात वर. खाली काय तो माझा एकट्याचा.

सार्जंट माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "जोशी, ही पोरं बघ धर्माला कशी जागतात! आणि तू?"

काय सांगू तुला, शरमेनं माझाही हात वर गेला.