कुमुदताईंच्या पत्रकातून मी काढलेलं वाक्य

मंडळी, कुमुदताईंच्या शोकसभेला सगळे आलात. करंजाडेहून आलात, विचुंब्याहून आलात, खाडीकाठच्या कोळीवाड्यातून जानकीमावशी आल्यात. ताईंचं पत्रक वाचून दाखवायचो तेव्हा एवढी माणसं कधी आली नव्हती. हा टोमणा आहे, मंडळी. तो मलाही आहे.

मला बोलता येत नाही. मी विजय. एस.टी. स्टँडमागे माझं डीटीपीचं दुकान आहे. ताईंचं पत्रक मी टाइप करायचो, मीच छापायचो, म्हणून मला इथे उभं केलंय. उठायला मी तयार नव्हतो. का नव्हतो, ते सांगतोच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. कुमुदताई कोषागारातून निवृत्त झाल्या आणि त्यानंतर दर वर्षी राज्याचा अर्थसंकल्प आला, की त्याची जाडजूड पुस्तकं घेऊन बसायच्या. त्यातून एक कागद निघायचा, पाठपोट. आपल्या तालुक्याला काय आलं, काय आलं नाही, आणि आलं आलं म्हणून जे सांगतात ते खरंच आलं का. बस. कुणाचं कौतुक नाही, कुणाला शिव्या नाहीत.

आणि एक पद्धत होती त्यांची. छापायच्या आधी दोन माणसांना घरी बोलवायच्या. आपले नंदूशेठ आणि दिनेशभाऊ, दोघंही इथे बसलेत. एक सत्तेतल्या पक्षाचे, एक विरोधातले. मध्ये सत्ता बदलली तेव्हा नंदूशेठ म्हणाले होते, ताई, आता आम्ही खुर्च्या बदलायच्या का? आधी कांदेपोहे, मग वाचन. मी वाचायचो आणि ताई या दोघांच्या तोंडाकडे बघत राहायच्या. कागदाकडे नाही, तोंडाकडे. एखाद्या वाक्यावर दोघांतला एक जरी खुलला, की ताईंची पेन्सिल उठलीच. म्हणायच्या, हे वाक्य कुणाच्या तरी बाजूचं झालंय. कोरडं कर.

मंडळी, कोरडं करणं म्हणजे काढणं नव्हे. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं. जे आहे ते तसंच राहू दे, फक्त त्यात कुणाला टाळी वाजवायला जागा ठेवू नकोस.

मग व्हायचं काय? पत्रकावर कुणीच खूश नसायचं. एक म्हणे बाई त्यांची, दुसरा म्हणे बाई ह्यांची. सोसायटीच्या फळ्यावर ते टँकरच्या वेळापत्रकाखाली लागायचं. आमच्याच पत्रकात बांधलेले वडे मी खाल्लेत.

आणि मग ते जेटीचं वर्ष आलं.

जानकीमावशी, तुम्हाला मी काय सांगणार? पण बाकीच्यांना सांगायला हवं. ओहोटीला होडी काठाला लागत नाही. या बायका डोक्यावर पाटी घेऊन गुडघाभर चिखलातून मासळी आणतात. जेटी द्या म्हणून त्या वर्षी त्या तहसील कचेरीसमोर धरणं धरून बसल्या होत्या, आणि मावशी सगळ्यांत पुढे. अर्थसंकल्प आला, भाषणात जेटीचं नाव आलं. नाक्यावर आभाराचे बॅनर लागले.

ताईंनी पुस्तक उघडलं. तिथे होती टोकन तरतूद. म्हणजे काय? योजनेचं नाव पुस्तकात राहावं म्हणून टाकलेला नावापुरता आकडा. त्यात एक खांबही उभा राहत नाही. ताईंनी लिहिलं, "जेटीचं नाव आलं आहे, काम आलेलं नाही. यंदा जेटी होणार नाही."

मी ते वाचलं, आणि दोघांपैकी एकाने मांडीवर थाप मारली. कुणी, ते सांगत नाही. त्याला ठाऊक आहे. ताई म्हणाल्या, कोरडं कर. त्या दिवशी त्यांना ताप होता, त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

मी दुकानात बसलो. चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. कसंही लिहिलं तरी कुणीतरी हसणारच होतं. मी ते काढून टाकलं. राहिलं एवढंच, "अर्थसंकल्पात जेटीचा समावेश आहे." खोटं होतं का? नाही. फोनवर वाचून दाखवलं तर दोघांनीही लगेच बरोबर आहे म्हटलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. आणि ताप उतरेपर्यंत थांबून ताईंना दाखवायला हवं होतं. मी थांबलो नाही.

बॅनरवर या बायकांनी विश्वास ठेवला नव्हता. आमच्या कागदावर ठेवला. कागद वाचून त्या धरण्यावरून उठल्या. पुढच्या वर्षी पुस्तकात जेटीचं नावही नव्हतं.

ताई कोळीवाड्यात गेल्या. मी बरोबर होतो. जानकीमावशी म्हणाल्या, "ताय, तुमच्या कागदावर इस्वास ठेवला म्हणून आमी उठलो. आता परत बसायला कोन येनार हाय?"

ताई म्हणाल्या, "चूक माझी आहे. पत्रक माझं आहे."

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतताना रिक्षात मी वाट बघत होतो, आता बोलतील, आता बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, विजय, यंदा दुरुस्ती सगळ्यांत वर छाप. मी छापली. ती कुणीही वाचली नाही.

मावशी, ते वाक्य ताईंनी लिहिलं होतं. मी काढलं. तुमच्या वाड्यात त्यांना कुणी पाणी विचारेना, तरी त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आणि मी गप्प राहिलो. त्यांच्या जिवंतपणी हे बोललो नाही, याची मला लाज वाटते. आज बोलून त्यांना काही उपयोग नाही, तुम्हालाही नाही. जेटी नाही. आज सकाळीही तुम्ही चिखलातूनच आलात.

मघाशी कुणीतरी म्हणालं, ताईंचं काम आपण पुढे नेऊ. कृपा करून असं म्हणू नका. कोण नेणार? ती पुस्तकं वाचता येणारं आपल्यात कुणी नाही. आणि माझ्या हातावर माझाच भरवसा उरलेला नाही. मार्चमध्ये अर्थसंकल्प येईल, भाषण होईल, बॅनर लागतील. पत्रक निघणार नाही. हे खरं आहे, आणि ते मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही.

ताई, तुमच्या विजयचा नमस्कार घ्या.

आता दोन मिनिटं उभं राहू या. मावशी, तुम्हाला उठावंसं वाटलं नाही तर बसून राहा. एकदा आमच्या शब्दावर उठलात, तेवढं पुरे झालं.